पाणी, पाचर आणि धार : बागेच्या हत्यारांविषयी वाचकांचे प्रश्न

मृग तोंडावर आला की या सदरात बियाण्यांचे आणि वाफ्यांचे प्रश्न येतात. यंदा हत्यारांविषयीच पुष्कळ पत्रे आली. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तरे दिली आहेत. दुसऱ्या उत्तरात पोलादाचे आणि तिसऱ्यात दांड्याचे सविस्तर आले आहे, कारण बाकीच्या निम्म्या पत्रांची उत्तरे तिथेच आहेत.

प्रश्न : बेळगावच्या टिळकवाडीत घरामागे दोन गुंठे जागा आहे. वर वीतभर लाल माती, खाली जांभा. मोबाईलवर बारा हत्यारांचा संच स्वस्तात दिसतो. तो घ्यावा की बाजारातून एकेक हत्यार घ्यावे?

संच घेऊ नका. बारातली आठ हत्यारे पिशवीतून बाहेरच येत नाहीत आणि उरलेली चार जांभ्याच्या पहिल्या खड्याला वाकतात. दोन गुंठ्यांना खुरपे, कुदळ, खोरे आणि सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) एवढे पुरते. पहार लागते ती खड्डे घेताना, वर्षातून एखाद-दोन वेळा. तेवढ्यापुरती शेजारून मागून आणावी, किंवा गल्लीतल्या चार घरांत मिळून एक घ्यावी. घ्यायचीच तर २५ मिलिमीटर जाडीची, पाच फुटी घ्या. तिचे वजन सहा किलोच्या आसपास भरते. त्याहून हलकी पहार जांभ्यावर नुसती उडते आणि मनगटे भरून येतात.

कुदळीचे पाते जांभ्यासाठी अरुंद हवे, चार बोटांपेक्षा जास्त नको. रुंद पाते दर घावाला कुठल्या तरी खड्यावर अडते. दांड्याशिवाय कुदळीचे वजन किलो-सव्वा किलो असावे. जड कुदळ दुकानात दणकट वाटते, पण अर्ध्या तासाने घाव वाकडे पडू लागतात आणि दांडा मोडतो तो अशाच वाकड्या घावाने.

खोऱ्याच्या बाबतीत पाते पाहण्याआधी मान पाहा. माती उचलताना सगळा भार पाते आणि नेढे (म्हणजे दांडा बसतो ते भोक) यांच्या जोडावर येतो. पातळ पत्रा दाबून केलेल्या खोऱ्याला नेढे नुसते दोन ठिपके वेल्डिंग करून चिकटवलेले असते. असे खोरे पहिल्याच पावसात मानेशी हलायला लागते. वेल्डिंग असेल तर ते सलग, दोन्ही अंगांनी हवे. त्यावर रंगाचा जाड थर असेल तर नखाने किंवा किल्लीने थोडा खरवडून बघा, कारण तडे रंगाखालीच लपतात. मानेशी पत्रा तीन मिलिमीटरच्या आसपास जाड असावा. मग खोरे दोरीला किंवा बोटावर टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारा. खण्ण असा लांबणारा आवाज आला तर अंगात तडा नाही. भद्द आवाज आला तर ते परत ठेवा.

दांडा सरळ उभे राहिल्यावर कमरेला लागेल इतका लांब असावा. बाजारात तयार बसवलेले दांडे बहुधा याहून आखूड असतात. त्यात लाकूड वाचते, पाठ जाते.

टिकाऊपणाची आमची कसोटी एवढीच : मोडणारा भाग घरी सुटा करून बदलता येतो का? प्लास्टिकच्या मुठीत ओतून बसवलेले पाते, रिव्हेट मारून बंद केलेली कात्री, दांड्याला वेल्डिंग केलेली नळी, यांचा एक भाग गेला की सगळेच भंगारात जाते. लाकडी दांड्याचे, पाचर मारलेले साधे खोरे मात्र तीन-चार दांडे सहज पाहते.

प्रश्न : कडोलीच्या बाजारात लोहार “पाट्याचं खुरपं आहे, घ्या” म्हणून सांगतो. दिसायला सगळी सारखीच. खरे पोलाद कसे ओळखावे? आणि सांगून करून घ्यायचे तर काय सांगावे?

आधी फरक कशात आहे ते पाहू. बांधकामाच्या सळईत किंवा साध्या पट्टीत कार्बन पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो. तिला कितीही पाणी दिले (म्हणजे लाल तापवून एकदम बुडवून थंड केले) तरी ती कडक होत नाही. गाडीच्या कमानपाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या; लोहार ‘पाटा’ म्हणतो तो हाच) पोलादात कार्बन साधारण अर्धा ते ०.६ टक्के असतो, म्हणून ते पाणी धरते. लोहचुंबक दोन्हींना चिकटते. तेव्हा चुंबक लावून पाहण्यात अर्थ नाही.

कानस मात्र खरे सांगते. नवी, बारीक कानस धारेवरून हलकेच ढकला. पाणी दिलेल्या पोलादावर ती घसरते, करकर आवाज करते आणि फार थोडे खाते. साध्या लोखंडात ती लगेच रुतते आणि चकाकणारा कीस पडतो. दुसरी परीक्षा ठिणग्यांची. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत किंवा गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ग्राइंडर असतोच. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि फारशा न फुटणाऱ्या असतात. पाट्याच्या ठिणग्या आखूड असतात आणि टोकाशी फुलबाजीसारख्या फुटतात. एक सळईचा तुकडा शेजारी घासून बघितला की फरक लगेच कळतो.

करून घेणार असाल तर जीपचा किंवा छोट्या टेम्पोचा पाटा घ्या. तो सहा-सात मिलिमीटरचा असतो. ट्रकचा पाटा दहाच्या पुढे जातो आणि तो ठोकून पातळ करण्यात लोहाराचा अर्धा दिवस आणि दुप्पट कोळसा जातो. पाट्याच्या मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा तुकडा नको. वर्षानुवर्षे हबके खाऊन तिथे केसासारखे तडे गेलेले असतात. ते भट्टीत दिसत नाहीत, पाणी देताना मात्र टक्कन उघडतात. सॉमिलच्या जुन्या पट्टीकरवतीचे पोलादही चांगले असते, पण ते मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरचेच, म्हणून विळ्याला किंवा तण खरवडण्याच्या पातळ पात्याला योग्य. जुनी कानस खुरप्यासाठी नको. तिच्यात कार्बन एक टक्क्याच्या वर असतो, खड्याला लागली की तुकडा उडतो.

लोहाराला मापे अशी सांगा : पाते १२ ते १५ सेंटिमीटर लांब, पाठीशी तीन मिलिमीटर जाड, धारेकडे उतरत गेलेले. पाते आणि मूठ यांच्यामध्ये मान अशी वाकवलेली हवी की पाते जमिनीवर टेकले असताना मुठीखाली चार बोटे जाण्याइतकी जागा राहील. बाजारी खुरप्यात ही जागा नसते. मग दिवसभर बोटांची पेरे मातीवर घासतात आणि आपण दोष खुरपण्याला देतो. मुठीत जाणारे शेपूट निदान आठ सेंटिमीटर असावे. ते मुठीच्या पलीकडून बाहेर काढून वाकवले असेल तर सर्वांत चांगले. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे हवेच, नाहीतर शेपूट लाकूड फाडून बाहेर येते.

आता पाणी. पाट्याच्या पोलादाला पाणी द्यायचे ते तेलात. ऐकायला विचित्र वाटते, पण थंड पाण्यात बुडवले तर त्याला तडा जाण्याची भीती असते. पाते लालभडक तापले, चुंबक चिकटेनासे झाले की आणखी थोडे तापवून तेलात सोडायचे. आता ते काचेसारखे कडक आणि काचेसारखेच ठिसूळ असते. काम इथे संपले असे समजणारे लोहार आहेत. त्यांची खुरपी पहिल्या आठवड्यातच दात पडलेल्या करवतीसारखी होतात. पाते पुसून दगडाने एक अंग चकचकीत करायचे आणि पाठीकडून हळूहळू परत तापवायचे. चकाकत्या अंगावर रंग धावताना दिसतात : आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा सुमारे २३० अंश सेल्सिअसला येतो, निळा ३०० च्या आसपास. खुरप्याला खडे लागणारच, म्हणून तपकिरी-जांभळ्यावर थांबवून थंड करावे. जुने कसबी लोहार फक्त धारेकडचा भाग बुडवतात आणि पाठीत उरलेल्या उष्णतेनेच रंग धारेपर्यंत येऊ देतात. एकाच तापात दोन्ही कामे होतात. ते बघत उभे राहण्यासारखे असते.

वापरताना धारेचे तुकडे उडत असतील तर दुसरा ताप दिलेला नाही. धार दुमडत असेल तर लोखंड साधे आहे, किंवा रंग निळ्याच्या पुढे गेला. ग्राइंडरवर धार लावताना कडेला निळा पट्टा दिसला तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजा. तो पट्टा घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही. म्हणून घरी खुरप्याला कानस आणि निसणा (धार लावायचा दगड) एवढेच वापरा. बोथट झालेली कुदळ मात्र कानशीने घासत बसू नका, ती लोहाराकडे शेवटायला द्या. घासण्यात पोलाद जाते. शेवटण्यात तेच पोलाद ठोकून पुढे ओढले जाते, कुदळीची लांबी फार घटत नाही. शेवटताना टोक तापते, तेव्हा तिला परत पाणी द्यायला सांगायला विसरू नका.

प्रश्न : आमच्या उचगावकडे दर उन्हाळ्यात कुदळीचा दांडा ढिला होतो. रात्रभर बादलीत बुडवून ठेवतो. दोन दिवस घट्ट राहतो, मग पूर्वीपेक्षाही जास्त हलतो. असे का?

दांडा ढिला होण्याचे खरे कारण ती बादलीच आहे. लाकूड पाणी पिऊन फुगते. पण भोवती लोखंड असल्यामुळे त्याला बाहेर पसरता येत नाही, मग कडेचे तंतू आतल्या आत चिरडले जातात. वाळल्यावर लाकूड आकसते ते पूर्वीच्या मापाला येत नाही, त्याहून बारीक होते. दरवर्षी असे केले की नेढ्यातला दांडा भुशासारखा होतो. अडचणीच्या वेळी बुडवायचेच असेल तर पाण्याऐवजी जवसाच्या तेलात बुडवा. कुदळ उलटी करून फक्त नेढ्याचा भाग दोन दिवस तेलात राहील असे करा. तेल लाकडात सुकून राहते, पाण्यासारखे उडून जात नाही.

कायमचा उपाय म्हणजे दांडा नीट बसवणे. आधी लाकूड. बांधावरच्या बाभळीला तोड नाही. ती जड आहे, चिवट आहे आणि बहुतेकांच्या शेतात आहेच. धामण त्याहून सरस, कारण ती वाकते आणि परत सरळ होते, घावाचा हबका हातापर्यंत येऊ देत नाही. पण धामण खानापूर-लोंढ्याकडच्या जंगलातले झाड आहे. ते परवान्याच्या वखारीतून पावती करूनच घ्या. बोर आणि चिंचही चालते. साग दाराला चांगला, घावाच्या हत्याराला नाही, आडव्या हबक्याला तो तुटतो. निलगिरी स्वस्त मिळते, पण वाळताना पिळते आणि उभी फाटते. दाताळ्यासारख्या हलक्या कामाला चंदगड-सिंधुदुर्गाकडचा माणगा बांबू घ्या. तो जवळजवळ भरीव असतो.

लाकूड करवतीने कापून काढलेले नको, खोड उभे फाडून काढलेले हवे. फाडले की चीर तंतूंच्या बाजूने जाते. करवत तंतू मध्येच तोडते आणि दांडा पुढे तिथेच तिरका मोडतो. दुकानात तयार दांडा घेताना अंगावरच्या रेषा बोटाने शेवटपर्यंत माग काढत जा. एखादी रेषा मध्येच कडेबाहेर पडत असेल तर तो दांडा ठेवून द्या. अमावास्येला तोडलेल्या बाभळीला कीड लागत नाही असे सांगतात. खरे काम करते ते ओंडका दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवणे. किडीला हवा असलेला लाकडातला सत्त्वांश पाण्यात उतरतो. नंतर टोकांना जाड रंग किंवा मेण फासून सावलीत सहा महिने वाळवा. ओल्या लाकडाचा दांडा बसवला तर तो उन्हाळ्यात ढिला होणारच, मग पाचर कसलीही मारा.

आता बसवणे. नेढे आतून कानशीने साफ करा, आतला गंज आणि वेल्डिंगचे कण राहिले की ते दांड्याला सुरीसारखे कापतात. दांड्याचे टोक नेढ्यात अर्ध्यापर्यंत हाताने जाईल आणि पुढे ठोकावे लागेल इतके तासा. टोकाला उभी चीर द्या, नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश. चीर नेढ्याच्या लांबट बाजूला समांतर हवी, म्हणजे पाचर दांड्याला रुंद बाजूंवर दाबते. मग कुदळ दांड्यावर घालून दांडा उलटा, हवेत धरून त्याच्या मोकळ्या टोकावर हातोडीने ठोका. कुदळ स्वतःच्या वजनाने दांड्यावर चढत जाते. जमिनीवर आपटून बसवण्यापेक्षा ही पद्धत चांगली, टोक चेचत नाही. दांडा नेढ्याबाहेर पाच-सहा मिलिमीटर राहिला की वाळलेल्या बाभळीची पाचर तेलात बुडवून ठोका. बाहेर राहिलेला भाग कापू नका. तो पसरून टोपीसारखा बसतो आणि कुदळ निसटू देत नाही. लोखंडी पाचर मारायचीच तर ती लाकडी पाचरेला तिरकी मारा. खिळे मारू नका. खिळा लाकूड पसरवत नाही, फक्त फाडतो.

टिकावाची गोष्ट निराळी. त्याचे नेढे एका तोंडाला रुंद असते, दांडा वरून रुंद बाजूने घालतात आणि जाड टोक तिथेच अडकते. प्रत्येक घावाला टिकाव आपोआप आवळतो. त्याला पाचर लागत नाही. कोणी मारून दिली असेल तर दांडा मापाचा नव्हता असे समजा.

दांड्याला व्हार्निश नको. ते घामाने फुगते आणि सोलून हाताला फोड आणते. फुटक्या काचेच्या कडेने दांडा खरवडून गुळगुळीत करा आणि जवसाचे तेल किंचित कोमट करून चोळा. एका दिवसाच्या अंतराने तीन हात, पुढे वर्षातून एकदा, दिवाळीनंतर. करडईचे तेल चालते, सुकायला जास्त दिवस घेते. तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेटू शकते. ती पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

प्रश्न : निपाणीजवळ काळी जमीन आहे. पावसात खोऱ्याला इतकी माती चिकटते की दर दोन घावांनी खरवडावी लागते. वेगळे हत्यार मिळते का?

हत्याराआधी वेळ बघा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने ढकला. गोळा चपटा होऊन चिकटून राहिला तर अजून वाफसा नाही. फुटून भुरभुरला तर कामाला लागा. वाफशाआधी काळ्या मातीत काम केले की हत्यारही रडते आणि नंतर वाळलेली ढेकळेही.

चिकटण्याचे दुसरे कारण म्हणजे पात्यावरचा दुकानातला रंग आणि गंजाचा खरखरीतपणा. दोन्ही काढा. पाते ओल्या वाळूने आणि पोत्याच्या तुकड्याने चकचकीत होईपर्यंत घासा. गुळगुळीत पात्यावर मातीची पकड बसत नाही. बांबूची टोकदार चीप कमरेला खोचून ठेवा. खुरप्याने खोरे खरवडले की दोन्हींची धार जाते.

भाजीच्या वाफ्यात माती मोकळी करायला खोऱ्यापेक्षा चार दातांची कुदळ बरी, चिकटायला पृष्ठभागच कमी. दात एकाच तुकड्यातून ठोकून काढलेले हवेत. सळईचे दात वेल्डिंग केलेले असतील तर ते नेमके वेल्डिंगच्या कडेला तुटतात. तिथे लोखंड ताप लागून बदललेले असते आणि वाकण्याचा सगळा ताणही तिथेच जमा होतो.

प्रश्न : जांबोटी भागात चार महिने हवा ओली. हत्यारे कितीही पुसली तरी गंजतात. इंजिनचे जुने तेल लावतो, ते बरोबर आहे का?

जुने इंजिन तेल लावू नका. त्यात धातूचे कण आणि जळके घटक असतात, ते सरळ भाजीच्या मातीत उतरतात. त्याऐवजी एक भाग मेण आणि चार भाग खोबरेल किंवा जवसाचे तेल गरम पाण्यात भांडे ठेवून वितळवा. हे मलम डब्यात घट्ट होते. पाते कोरडे करून बोटभर घेऊन चोळले की पंधरा दिवस निभावते.

गंज हवेतल्या ओलीपेक्षा रात्रभर राहिलेल्या चिखलाने जास्त चढतो. त्यातही युरिया, पोटॅश किंवा शेणकाला लागलेले खुरपे न धुता ठेवले तर सकाळी लाल दिसणारच, क्षार आणि लोखंड यांचे जमत नाही. धुवा, पुसा, चुलीजवळ किंवा उन्हात अर्धा तास ठेवा, मग तेल. जांभ्याच्या भिंतीला खिळ्यावर टांगू नका, भिंत पावसाळाभर ओलच सोडते. भिंतीला आधी लाकडी पट्टी मारून तिच्यावर टांगा. जमिनीवर उभी केलेली हत्यारे पावसाळ्यात खालून गंजतात आणि दांड्याला वाळवीही लागते.

चढलेला गंज काढायला पाते साध्या व्हिनेगरमध्ये १२ तास बुडवा, लाकडी मूठ बाहेर ठेवून. चिंचेचा दाट कोळही चालतो, वेळ जास्त लागतो. तारेच्या ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा म्हणजे उरलेले आम्ल मरते, आणि लगेच कोरडे करून तेल लावा. हा सोडा गाळलात तर तासाभरात केशरी थर परत येतो. खाली उरणारा काळपट-राखाडी रंग काढू नका, तो अपाय करत नाही.

प्रश्न : नंदगडला पेरू-चिकूची पंचवीस झाडे आहेत. सिकेटर दरवर्षी नवे घेतो. सहा महिन्यांत फांदी कापण्याऐवजी चेचायला लागते.

सिकेटर दोन जातींचे असते. एकात पाते दुसऱ्या जबड्याच्या बाजूने कात्रीसारखे सरकते, दुसऱ्यात पाते सपाट पट्टीवर येऊन आदळते. ओल्या फांदीला पहिलेच हवे. दुसरे वाळक्या काट्याकुट्यांसाठी, ओली साल ते चेचतेच. घेताना मधला सांधा नट-बोल्टचा आहे आणि पाते, स्प्रिंग सुटी मिळतात एवढे पाहा.

चेचण्याचे कारण पुष्कळदा बोथट धार नसून फट असते. जाड फांदी अडकली की आपण मनगट पिळतो, पाते बाजूला ढकलले जाते आणि बोल्ट सैल होतो. अंगठ्याएवढ्या, म्हणजे १५-२० मिलिमीटरपेक्षा जाड फांदीला करवत घ्या. परीक्षा सोपी : ओल्या वर्तमानपत्राची एक घडी कापून बघा. टोकापर्यंत साफ कापली पाहिजे.

धार लावताना बोल्ट उघडा, पण त्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, स्प्रिंग कुठल्या तोंडाने बसते ते नंतर आठवत नाही. चीक रॉकेलने पुसा. काजूचा चीक हाताला भाजतो, तेव्हा काजू छाटल्यावर मोजे घालूनच साफ करा. पात्याला उतार फक्त बाहेरच्या अंगाला असतो. तोच २०-२५ अंशांवर, असलेल्या उताराला धरून, बारीक निसण्याने एकाच दिशेने आठ-दहा वेळा घासा. आतले सपाट अंग निसण्यावर पूर्ण सपाट ठेवून एकदाच ओढा, नुसती कड निघण्यापुरते. त्या अंगाला उतार दिला की फट कायमची पडली, ते पाते गेलेच. जुळवताना स्प्रिंग न लावता एक मूठ धरून दुसरी सोडा. ती हळूच खाली आली तर बोल्ट बरोबर, धपकन पडली तर सैल.

रोगट झाड छाटल्यावर पाते ७० टक्के स्पिरिटने पुसूनच पुढच्या झाडाला लावा. डाळिंबाचा तेल्या रोग अशा सिकेटरवरून झाडाझाडांत जातो. ब्लीचिंगचे पाणी जंतू मारते, पण पातेही खाते.

प्रश्न : स्टेनलेस स्टीलचे खुरपे गंजत नाही, मग तेच का घेऊ नये?

भांड्यांचे स्टेनलेस पाणी धरत नाही, त्याची धार टिकत नाही. सुरीचे स्टेनलेस पाणी धरते, पण ते गावच्या भट्टीत शेवटता येत नाही. कुंड्यांतली माती हलवायला हरकत नाही.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात, बसून खुरपणे होत नाही. शिवाय ती डावखुरी आहे.

उभ्याने ढकलण्याचे पाते घ्या : बारा-पंधरा सेंटिमीटर रुंद, पट्टीकरवतीच्या पोलादाचे, दांड्याशी असे तिरके की दांडा छातीजवळ धरल्यावर पाते जमिनीला जवळजवळ समांतर येईल. ते मातीखाली एक-दोन सेंटिमीटर सरकवायचे, खणायचे नाही. तण चार पानांचे असतानाच हे काम होते, गुडघाभर वाढलेल्या तणाला ते उपयोगी नाही. दांडा हनुवटीपर्यंत लांब आणि तीन सेंटिमीटर जाडीचा असावा. त्याहून जाड दांडा धरताना मूठ लवकर थकते.

ढकलपात्याला डावे-उजवे नसते. विळ्याला असते. एकाच अंगाने धार काढलेला विळा डाव्या हातात गवतावरून घसरून वर येतो. लोहाराला धार उलट्या अंगाने काढायला सांगा. वेगळे पैसे क्वचितच घेतात.

प्रश्न : बैलहोंगल-गोकाककडे चांगले लोहार आहेत असे कळते. कन्नड येत नाही, काय मागावे?

खुरप्याला कुरपी, विळ्याला कुडगोल, खोऱ्याला सलकी, कुदळीला गुद्दली, पहारीला हारे, कुऱ्हाडीला कोडली. लोहार तो कम्मार, दांडे करणारा सुतार बडिगेर. दांड्याला कावु म्हणतात. सर्वांत उत्तम म्हणजे आपले जुने, हाताला बसलेले हत्यार बरोबर न्या आणि समोर ठेवा. माप सांगण्यात मराठीतही घोटाळा होतो.

प्रश्न : घमेले लोखंडी घ्यावे की प्लास्टिकचे?

प्लास्टिकचे उन्हाने दोन वर्षांत तडकते. लोखंडी तळाला गंजते. जुन्या टायरच्या रबराचे मिळाले तर ते घ्या. ते आपटले तरी फुटत नाही, गंजत नाही, फक्त थोडे जड असते आणि नवेपणी वास येतो. कडीचा जोड मात्र पाहा. नुसती तार टोचून वळवली असेल तर ती भरल्या घमेल्यात रबर फाडते, खाली वॉशर घालून बोल्ट केलेला हवा. तळ गेलेले लोखंडी घमेले भंगारात देऊ नका. भोकांवर खापऱ्या टाकून त्यात पुदिना लावता येतो.